तीन दिवसांचं लिस्बन, त्यातला एक दिवस गोव्यासाठी

युरोपची पहिलीच खेप असेल आणि हाताशी तीन-चारच दिवस असतील, तर लिस्बनचा विचार जरूर करा. शहराचा जुना भाग पायी पाहून होतो, विमानतळ शहराला लागूनच आहे, आणि मराठी माणसाला इथे जे भेटतं ते पॅरिस-रोममध्ये भेटत नाही. साडेचारशे वर्षं गोवा ज्यांच्या ताब्यात होता, त्यांची ही राजधानी. मी आणि आई एप्रिलच्या उत्तरार्धात जाऊन आलो. आईचं वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, आणि लिस्बन टेकड्यांवर वसलेलं. त्यामुळे चढ चुकवण्याच्या वाटा आम्ही नीट शोधून ठेवल्या होत्या. त्या पुढे येतीलच.

आधी निघण्यापूर्वीचं. शेंगेन व्हिसाचं (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो, सेवा केंद्राचे पैसे वेगळे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यासाठी तो लवकर केलेलाच बरा. आम्ही मुंबईहून मधे एका ठिकाणी विमान बदलून गेलो. ते बदलणं युरोपातल्या शेंगेन देशात असेल तर इमिग्रेशन तिथेच होतं, म्हणून दोन विमानांमध्ये निदान तीन तास ठेवा. आखातातून गेलात तर रांग लिस्बनला, आणि ती लांब असते.

राहायला बाइशा किंवा रोसियुच्या आसपास, सपाटीवरची जागा बघा. अल्फामातल्या खोल्या फोटोत मोहक दिसतात, पण जिने आणि दगडी चढण पार करत बॅगा न्याव्या लागतात. माणशी दर रात्री ४ युरो शहराचा कर द्यावा लागतो, तो बहुधा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो. विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन घ्या, आलामेदाला हिरवी लाइन पकडा, की थेट रोसियु. मेट्रोच्या यंत्रातून ‘नावेगांते’ नावाचं कार्ड मिळतं, अर्ध्या युरोत. प्रत्येकाला वेगळं लागतं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. त्यात पैसे भरून ठेवण्याच्या प्रकाराला ‘झॅपिंग’ म्हणतात. तोच घ्या, कारण तो मेट्रो, ट्राम, बस आणि लोकल गाड्या सगळ्यांना चालतो. ट्रामच्या चालकाकडून काढलेलं तिकीट बरंच महाग पडतं.

पहिला दिवस बाइशा आणि अल्फामाचा. लिस्बन समजून घ्यायचं तर एक तारीख लक्षात ठेवावी लागते: १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली, आणि त्याच वेळी भूकंप झाला. मागोमाग समुद्र आत शिरला आणि त्यानंतर कित्येक दिवस आग धुमसत राहिली. आज दिसतं ते बाइशा त्या राखेवर राजाचा मंत्री मार्क्विस ऑफ पोम्बाल याने उभं करवलेलं आहे. सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती, आणि भिंतींच्या आत लाकडी पिंजऱ्यासारखा सांगाडा. हादरा बसला तर दगड पडेल पण सांगाडा तग धरेल, हा त्यामागचा विचार. भूकंपाचा विचार करून एवढ्या मोठ्या प्रमाणावर शहर बांधण्याचा हा युरोपातला अगदी सुरुवातीचा प्रयत्न. किल्लारीच्या बातम्यांत वाढलेल्या मला त्या साध्या, एकसारख्या दर्शनी भिंतींपुढून पटकन हलवेना.

वर शियादु भागात कार्मुचा मठ आहे. त्याचं छत भूकंपात कोसळलं ते पुन्हा मुद्दामच पूर्ण केलं नाही. उघड्या कमानींवर आता आकाश आहे. इथे पोचायला सांता जुश्ता या १९०२ मधल्या लोखंडी लिफ्टसाठी लोक मोठ्या रांगेत ताटकळतात. तसं करू नका. बाइशा-शियादु मेट्रो स्टेशनला खालच्या बाजूने शिरा, सरकत्या जिन्यांनी वरच्या बाजूने बाहेर पडा, आणि पाच-सात मिनिटं चाला. आईचा गुडघा दुखला नाही.

अल्फामाच्या वरच्या टेकडीवर साव जॉर्ज किल्ला आहे, त्या बाजूलाही अशीच सोय आहे. रुआ दुश फांकैरुश रस्त्यावरच्या एका साध्या इमारतीत पालिकेची मोफत लिफ्ट आहे. वर बाहेर पडून जवळच्या वाहनतळाच्या इमारतीतली दुसरी लिफ्ट घेतली की किल्ल्याचा बहुतेक चढ संपतो. तेही नको असेल तर ७३७ नंबरची बस वर जाते. रुळांवरच्या तिरक्या केबल-गाड्यांवर मात्र बेत आखू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरिया मार्गावर भीषण अपघात होऊन १६ जण गेले. कोणती गाडी चालू आहे ते त्या-त्या वेळी पाहा.

किल्ला मला तिकिटाच्या मानाने सामान्य वाटला. त्याखालची सांता लुझिया गच्ची मात्र चुकवू नका. तिथल्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांचं एक चित्र आहे, त्यात भूकंपाच्या आधीचा नदीकाठचा राजवाड्याचा चौक, म्हणजे आजचा प्रासा दु कोमेर्सियु, दिसतो. खाली जाऊन तोच चौक पाहून आल्यावर हे चित्र पाहा, म्हणजे काय गेलं ते कळतं. प्रसिद्ध २८ नंबरची ट्राम सकाळी आठच्या आत मार्तिं मोनिझच्या सुरुवातीच्या थांब्यावरून घ्या. दिवसा ती खच्चून भरते आणि पाकीटमारांचं तिथे चांगलंच फावतं. पाठीची सॅक पोटावर घ्या. बूट रबरी तळाचे हवेत, कारण पदपथांचे पांढरे दगड झिजून गुळगुळीत झालेत आणि ओले झाले की पाय ठरत नाही.

दुसरा दिवस नदीकाठच्या बेलें भागाचा. १५ नंबरची ट्राम प्रासा दु कोमेर्सियुपासून तिकडे जाते. सोमवार टाळा, तिथला जेरोनिमुश मठ बंद असतो. या मठाचं काम १५०१ च्या सुमारास राजा मानुएलच्या काळात सुरू झालं, आणि त्याचा खर्च बराचसा पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवरच्या करातून निघाला. दगडात कोरलेले दोरखंड, नांगर, पोवळी बघताना ते मिरीच्या पैशांनी कोरलं गेलंय हे डोक्यातून जात नाही. आतल्या चौकाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. शेजारच्या चर्चमध्ये मोफत जाता येतं, फक्त रविवारी सकाळी प्रार्थनेची वेळ सोडून जा. आत शिरताच वास्को द गामाची समाधी आहे. तो १५२४ मध्ये कोचीत वारला, आणि १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. आई तिथे बराच वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली, “एवढा मान मिळालाय याला, आणि आपल्याकडच्यांना काय मिळालं ते कुठे बघायचं?” आमचा तिसरा दिवस त्या प्रश्नासाठीच राखून ठेवला होता.

बेलेंचा बुरूज बाहेरून पाहिला तरी चालतो. आत जायचं असेल तर दुरुस्तीसाठी बंद नाही ना, ते आधी पाहा. त्याच्या एका छोट्या टेहळणी बुरुजाखाली झिजलेलं गेंड्याचं डोकं कोरलंय. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने आफोन्सो दि आल्बुकर्कला दिलेला गेंडा १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने इथे आला. युरोपने शतकानुशतकांत जिवंत गेंडा पाहिला नव्हता. ज्या आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, त्याचा उंच पुतळा जवळच्याच चौकात आहे. १८३७ पासूनच्या प्रसिद्ध दुकानातले पास्तेल (कस्टर्ड भरलेले छोटे टार्ट) गरम असताना खा, पण त्यात अंड्याचा बलक भरपूर असतो. अंडं न खाणाऱ्यांना आधी सांगा.

आता तिसरा दिवस. बहुतेक प्रवासी तो सिंत्राच्या राजवाड्यांना देतात. सिंत्रा सुंदरच आहे, पण ते पूर्ण दिवस आणि सगळी ताकद खातं. चौथा दिवस असेल तर जा. तिसरा दिवस मी मराठी प्रवाशांना वेगळा सुचवेन.

सकाळी से कॅथेड्रलला लागून असलेलं अल्जूब संग्रहालय पाहा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत इथे राजकीय कैदी ठेवत. एकांतवासाच्या कोठड्या जेमतेम एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब होत्या. १९६५ मध्ये हा तुरुंग बंद झाला, आणि २५ एप्रिल २०१५ ला संग्रहालय उघडलं. पोर्तुगीज वसाहतींमधल्या स्वातंत्र्यलढ्यांनाही इथे जागा दिली आहे. जी राजवट गोव्यात सत्याग्रहींवर गोळ्या झाडत होती, तीच आपल्या माणसांनाही इथे कोंडत होती, हे तिथे उभं राहिल्यावर नीट उमगतं.

दुपारी काइश दु सुद्रे स्टेशनवरून काश्काइशकडे जाणारी लोकल पकडा. नदीकाठाने, मग समुद्राच्या कडेने जाणारा हा रस्ता फार देखणा आहे. वाटेत काशियश स्टेशन लागतं. जलद गाडी तिथे थांबत नाही, म्हणून सगळ्या स्टेशनांवर थांबणारी गाडी बघून चढा. इथल्या टेकडीवरच्या तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीचा हा तरुण शिक्षक म्हणून गोव्यात गेला, गोवामुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात सामील झाला, आणि १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी इकडे जिवाचं रान केलं होतं. आई सांगलीची, तिने हे सगळं लहानपणी घरात ऐकलेलं. तिथे आजही तुरुंग आहे, त्यामुळे आत जाता येत नाही आणि जवळ जाऊन फोटो काढायला जाऊ नये. फलक वगैरे आम्हाला काही दिसला नाही. स्टेशनजवळच्या किनाऱ्यावरून टेकडी बघितली, आईने हात जोडले, आणि पुढची गाडी धरून काश्काइशला गेलो.

ज्यांना आणखी एक दिवस काढता येईल त्यांनी लिस्बनच्या उत्तरेला पेनिशचा समुद्रकिल्ला पाहावा. गोव्यातल्या चळवळीचे त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना तिथे ठेवलं होतं. २०२४ पासून तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. बसने जाऊन त्याच दिवशी परतता येतं.

तारखा तुमच्या हातात असतील तर २५ एप्रिलला लिस्बनमध्ये असा. १९७४ मध्ये याच दिवशी सैन्याने हुकूमशाही उलथली आणि लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशन खोचली. पंतप्रधान काएतानु कार्मुच्या चौकातल्या बराकीत लपला होता, तिथेच त्याने सत्ता सोडली. एक-दोन दिवसांत काशियशचे कैदी सुटले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. दुपारी आवेनिदा दा लिबेर्दादवर मोठी मिरवणूक निघते. आम्ही कडेला उभ्या होतो, एका आजींनी आईच्या हातात फूल दिलं. या दिवशी सुट्टी असल्याने बरीच संग्रहालयं आणि दुकानं बंद असतात, तेवढं धरून चाला.

खाण्याचं थोडक्यात. मासे खाणाऱ्यांची चैन आहे. उपाहारगृहात बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज समोर ठेवतात, ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा, कोणी वाईट वाटून घेत नाही. काल्दु वेर्द हे पालेभाजीचं सूप वरवर शाकाहारी वाटतं, पण त्यात सहसा सॉसेजचा तुकडा असतो. विचारून घ्या. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे. मार्तिं मोनिझच्या आजूबाजूला डाळ-तांदळापासून सगळं मिळतं. लुमियारच्या बाजूला राधाकृष्ण मंदिर आहे, त्याच्या उपाहारगृहात शाकाहारी जेवण मिळतं. तिथला समाज मुख्यतः गुजराती, त्यातली पुष्कळ कुटुंबं दीवहून मोझांबिकमार्गे आलेली. जाण्याआधी वेळा बघून घ्या.

परतीच्या दिवशी विमानतळावर तीन तास आधी पोचा. बॅग देऊन सुरक्षा तपासणी झाली की तिथेच दुकानांमध्ये रेंगाळू नका. लिस्बनहूनच शेंगेनबाहेर उडणार असाल तर पासपोर्ट तपासणीची रांग पुढे आहे, आणि सगळा वेळ तिथेच जातो.