एक पद, दोघी जणी

कामाच्या वेळेतील लवचिकतेचा विषय निघाला, की आपल्याकडची चर्चा घरून काम करण्यापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. एकच पद दोघांनी वाटून सांभाळणे, म्हणजे जॉब शेअरिंग, ही पद्धत आपल्या कार्यालयांत क्वचितच दिसते. पुण्यातील ज्या मध्यम आकाराच्या कंपनीत मी लेखा विभाग पाहतो, तिथे पगारपत्रकाचे काम गेली काही वर्षे दोघी जणी मिळून करतात. त्यामुळे ही व्यवस्था मला बायकांना दिलेली सवलत वाटत नाही. ती काम चालवण्याची एक रीत आहे आणि तिचा खर्च व फायदा दोन्ही मोजता येतात.

सुरुवात एका राजीनाम्याच्या पत्राने झाली. एकीच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि पूर्णवेळ नोकरी तिला शक्य नव्हती. पगारपत्रक नव्या माणसाला शिकवायचे तर वर्षाचे पूर्ण चक्र जावे लागते, कारण जानेवारीतले गुंतवणुकीचे पुरावे, जूनमधला फॉर्म १६ (पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) आणि दिवाळीचा बोनस यांची गाठ वर्षातून एकदाच पडते. त्यामुळे लहान मूल असलेली, पूर्वी हेच काम केलेली दुसरी सहकारी परत यायला तयार होती, तेव्हा आम्ही पद दोघींत विभागले. पहिली सोमवार ते बुधवार दुपारपर्यंत येते, दुसरी बुधवारी सकाळी उशिरा येऊन शुक्रवारपर्यंत असते, आणि बुधवारचे दोन तास दोघी एकत्र बसतात.

या दोन तासांचा पगार द्यायचा की नाही यावर व्यवस्थापनाशी बराच वाद झाला. माझ्या मते सगळी व्यवस्था त्यावरच उभी आहे. त्या वेळात एक लांबट वही समोर असते आणि अर्धवट राहिलेले प्रत्येक काम तीत असे लिहिले जाते, की दुसरीला फोन करावा लागू नये. ‘वेल्डिंगमधल्या नव्या तिघांची आधारवरची नावे आपल्या नोंदींशी जुळत नाहीत, पर्यवेक्षकांकडे कागद मागितले आहेत, त्यांच्यासाठी बाकीच्यांचे पीएफचे चलान अडवून ठेवू नये,’ अशी एखादी नोंद असते. टीडीएस, म्हणजे पगारातून कापलेला प्राप्तिकर, ७ तारखेला आणि पीएफ १५ तारखेला भरावाच लागतो. तो दिवस कोणाच्या वाट्याला आला आहे, याच्याशी सरकारला देणेघेणे नसते. पूर्वी हे सारे एकाच व्यक्तीच्या डोक्यात असे आणि ती मे महिन्यात लग्नाला गावी गेली की आमचे हातपाय गळत. आता काम कागदावर उतरले आहे आणि ते जाणणाऱ्या दोघी आहेत. मालकाचा खरा लाभ मला इथे दिसतो. वीज किंवा जागा वाचते वगैरे त्यामानाने किरकोळ आहे.

खर्चाची एक बाजू मात्र कोणी आधी सांगत नाही. ३६,००० रुपयांचे पद निम्मे केले की प्रत्येकीचा पगार १८,००० होतो, आणि ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, पगारमर्यादा २१,००० असल्याने आधी त्या योजनेबाहेर असलेल्या जागेवर दोन विमाधारक कर्मचारी येतात. मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे दोघींचे मिळून महिन्याला १,१७० रुपये. दोघींच्या कुटुंबांना वैद्यकीय संरक्षण मिळते, हे पाहता ही रक्कम मला जड वाटत नाही.

‘आमचे पद वाटण्यासारखे नाही’ हे वाक्य मी अनेक वरिष्ठांकडून ऐकले आहे. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने २०१२ मध्ये आर्मेनियातील राजदूतपद जोनाथन एव्हज आणि कॅथरिन लीच या पतिपत्नींना मिळून दिले होते, आणि दोघे चार-चार महिने आळीपाळीने ते सांभाळत. त्याच देशात ६ एप्रिल २०२४ पासून कर्मचाऱ्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचिक वेळेची मागणी करता येते आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. हा हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही, हे खरे; तरी नकार द्यायचा तर कारण द्यावे लागते. आपल्याकडे २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणेने प्रसूती रजेनंतर घरून काम करण्याची मुभा ठेवली, पण ती कामाच्या स्वरूपावर आणि दोन्ही पक्षांच्या संमतीवर सोडली आहे.

लवचिकतेची किंमत बढतीत मोजावी लागते, हेही नाकारता येत नाही. शांघायमधील सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरवर अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले, पण तेवढ्याच कामगिरीला त्यांना बढती मात्र कमी मिळाली. डोळ्यांसमोर नसलेल्या माणसाचे काम साहेबाच्या लक्षात राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

आमच्या मूल्यमापनाच्या छापील अर्जात एका पदापुढे एकाच नावाची जागा आहे. यंदा आम्ही पदाचे मूल्यमापन एकत्र आणि व्यक्तीचे वेगळे केले, पगारवाढ मात्र दोघींना सारखीच दिली. त्यावर एकीने हरकत घेतली आहे, की टीडीएसचे किचकट काम बहुतेक महिन्यांत तिच्याच दिवसांत येते. तिचे म्हणणे योग्य आहे, आणि पुढच्या तिमाहीपासून दिवसांची अदलाबदल करायचे ठरले आहे.