आमची वाटचाल : कुलपापासून रिकाम्या अँप्यूलपर्यंत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये, ऑफिसच्या फाइलींच्या रॅकवर एक चेपलेली लोखंडी पेटी ठेवलेली आहे. चहाला बसलेला माणूस हमखास विचारतो, ही भंगारात का नाही घातली? ॲम्ब्युलन्समध्ये नशेची, कडक बंधनाची औषधं कुलपात ठेवायला आम्ही केलेली ती पहिली पेटी. 2016 च्या पावसाळ्यात गेली आणि तीन महिन्यांत परत आली. कुणी फोडली नव्हती, कुलूप शाबूत होतं. आत मात्र फेंटानिल या जबर वेदनाशामकाच्या सहा अँप्यूलपैकी, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या बंद कुप्यांपैकी, दोनांचा चुरा होता आणि एक नव्हतीच. गाडी पेशंट घेऊन कसारा घाट उतरून मुंबईला जाऊन आलेली. दोन फुटल्या ते दिसत होतं. तिसरी पेशंटला दिली, की तीही फुटली आणि काचा झाडल्या गेल्या, की कुणाच्या खिशात गेली? रजिस्टरात सहाच्या सहा. त्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी पेटी माझ्या टेबलावर ठेवली. "चोर आत शिरत नाही हे पटलं. पण औषध कुठं गेलं ते तुमची पेटी सांगते का?"

मी म्हणालो, मॅडम, आम्ही पत्र्याचं काम करतो. तेव्हा ते उत्तर मला अगदी बरोबर वाटलं होतं.

वडिलांनी सातपूरला भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली ती सलाइन स्टँड आणि बेडसाइड लॉकरपासून. मी आलो तेव्हा कपाटं, ट्रॉल्या, स्ट्रेचर असा पसारा वाढला होता. नार्कोच्या, म्हणजे मॉर्फिनसारख्या नशेच्या औषधांच्या, कपाटांना मागणी आली ती मात्र कायद्यामुळे. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली मॉर्फिन ठेवायचं तर हॉस्पिटलला एकाहून जास्त परवाने लागायचे. दुसरा हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली. त्यापेक्षा मॉर्फिन नकोच, असं म्हणणारी हॉस्पिटलं पुष्कळ होती, आणि कॅन्सरचे पेशंट तसेच कण्हत पडायचे. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, 2015 मध्ये नियम आले. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि हॉस्पिटलला राज्याच्या औषध नियंत्रकाकडे, म्हणजे आपल्याकडे एफडीएत (अन्न व औषध प्रशासनात), एकाच दारात मान्यता मागता येऊ लागली. मान्यता म्हटली की डबल लॉकचं कपाट आलं. त्या दोन वर्षांत आम्ही जेवढी कपाटं विकली तेवढी वडिलांनी दहा वर्षांत विकली नसतील. कपाटातून ॲम्ब्युलन्सच्या पेटीकडे वळलो ते मला वाटलं सरळच आहे : कपाट लहान करायचं आणि गाडीला बोल्ट मारायचे.

तिथंच चुकलो. कपाट भिंतीला असतं, भिंत हलत नाही. वॉर्डात इनचार्ज सिस्टर असते, किल्ली तिच्या कमरेला असते. गाडी कधी हॉस्पिटलच्या आवारात उभी, कधी धाब्यावर, कधी पंक्चरवाल्याकडे. पायलट म्हणजे ड्रायव्हर वेगळा, ब्रदर म्हणजे पुरुष नर्स वेगळा, डॉक्टर दर ट्रिपला वेगळा. आणि पेटीची किल्ली? सांगायला लाज वाटते, पण मी स्वतः पाहिलंय : गाडीच्या किल्लीच्याच छल्ल्यात, गणपतीच्या कीचेनसकट.

आता आमचीच एक चूक सांगतो. 2017 मध्ये एका हॉस्पिटलने पाच गाड्यांसाठी पाच पेट्या घेतल्या. पत्रा एसएस 304, अठरा गेज, आर्गॉन वेल्डिंग, बिजागरी आतून. पाहणाऱ्याने हात फिरवावा असं फिनिशिंग. कुलूप मात्र बाजारातलं कॅम लॉक घातलं, ड्रॉवरला असतं तसलं, स्वस्तातलं. महिन्याने तिथल्या एका ब्रदरचा फोन आला. "दादा, दोन नंबरच्या गाडीची किल्ली चार नंबरला लागतेय." मी हसण्यावारी नेलं. मग दुकानात जाऊन त्याच कंपनीची वीस कुलपं टेबलावर मांडली आणि एक एक किल्ली फिरवून पाहिली. एक जोडी जुळलीच. असल्या कुलपांना किल्लीचे नमुनेच मोजके असतात. डबा भरला की पुन्हा पहिल्यापासून. पाचही पेट्या स्वखर्चाने परत आणून लिव्हरची कुलपं बसवली. त्या महिन्यात पगार दहा दिवस उशिरा झाले. कामगारांनी कुरकुर केली नाही, पण एकाने विचारलं, "शेठ, कुलपाची चौकशी आधी नव्हती का करायची?" करायची होती.

बायको लग्नाआधीपासून स्टाफ नर्स, आयसीयूत. पत्र्याचं मला कळतं, हिशेबाचं तिला. ती ड्यूटीवरून येऊन डबा उघडायच्या आत शेडमधल्या पेटीकडे बघायची आणि काहीतरी खोट काढायची. एकदा म्हणाली, "अहो, नॅलोक्सोन पण आतच ठेवताय?" मी म्हटलं, महाग औषध आहे, कुलपात नको का? तिने कपाळाला हात लावला. फेंटानिल जास्त झालं आणि पेशंटचा श्वास मंदावला की त्यावर उतारा नॅलोक्सोन. तो शोधायला किल्ली लागली तर कठीण. नॅलोक्सोनवर असलं बंधनही नाही. तेव्हापासून आमच्या पेटीला बाहेरून, कुलपाशिवायचा एक लाल कप्पा असतो, फक्त त्यासाठी.

तिनेच मला समजावलं की पेटीत शेजारी शेजारी बसलेल्या औषधांचे कायदे एक नाहीत. मॉर्फिन, फेंटानिल एनडीपीएसच्या कडक कलमांत. भुलीचं केटामाइन औषध नियमांच्या शेड्यूल एक्स या यादीत : प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत, विकणाऱ्याने एक प्रत दोन वर्षं सांभाळायची. गुंगीची मिडाझोलाम आणि डायझेपाम शेड्यूल एच-वन या दुसऱ्या यादीत, म्हणजे 1 मार्च 2014 पासून दुकानदाराला वेगळं रजिस्टर आणि तीन वर्षं जपणूक. वेदनाशामक ट्रामाडोल 2018 पर्यंत नुसतं एच-वनमध्ये होतं, मग तेही एनडीपीएसमध्ये आलं. गाडीतल्या ब्रदरला रात्री दोन वाजता एवढं आठवणार नाही. म्हणून नियम आम्हीच सोपा केला : सगळ्यांत कडक औषधाला जी शिस्त, तीच पेटीतल्या सगळ्यांना.

फुटण्याचा प्रश्न फोमने सुटला. जाड ईव्हीए फोमला प्रत्येक अँप्यूलच्या मापाचं भोक. त्याचा दुसरा फायदा आधी लक्षात आला नव्हता : रिकामं भोक लांबूनही दिसतं. मग वरचं आतलं झाकण पत्र्याऐवजी पारदर्शक पॉलीकार्बोनेटचं केलं आणि त्याला नंबरचं प्लास्टिक सील, वीज मीटरला किंवा कुरिअरच्या पिशवीला असतं त्या जातीचं. ओव्हर देताना-घेताना, म्हणजे पाळी बदलून ताबा देताना, दोघांनी बाहेरचं दार उघडायचं, सीलचा नंबर रजिस्टरशी जुळवायचा, झाकणातून भोकं मोजायची, दोघांच्या सह्या, दार बंद. सील तोडायची गरज नाही. बायकोने घड्याळ लावून पाहिलं, एक मिनिटही लागत नाही. ज्या कामाला पाच मिनिटं लागतात ते रोज तीन शिफ्टमध्ये कोणी करत नाही, हे तिचं ठाम मत. मलाही आता तसंच वाटतं.

2019 मध्ये मात्र डोक्यात ॲप शिरलं. प्रत्येक सीलवर क्यूआर कोड, मोबाइलने स्कॅन करायचं, हॉस्पिटलला स्क्रीनवर सगळ्या गाड्या दिसणार. एका पोराला हाताशी धरून केलं, पैसेही बरेच घातले. पहिल्या महिन्यात स्क्रीन इतकी छान दिसायची की मी घरी येऊन बायकोला दाखवायचो. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "सगळं स्कॅनिंग सकाळी आठ ते सव्वाआठमध्येच कसं?" पेठ, सुरगाण्याकडे गाडी गेली की रेंज नसायची, तेव्हा स्कॅन व्हायचं नाही. मग लोकांनी तेच वळण लावून घेतलं : गाडी परत आली की चहाबरोबर रात्रीचं सगळं एकदम स्कॅन. आकडे सुंदर, खरे नव्हेत. ॲप बंद केलं. आता पानांवर छापील नंबर असलेलं शिवलेलं रजिस्टर आणि ओव्हर घेताना पेटीचा एक फोटो, एवढंच. विक्रेते येतात, नवी सिस्टिम दाखवतात. मी त्यांना एकच विचारतो, रेंज नसताना काय?

कोरोनात काम बदललं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एका हॉस्पिटलातून दुसरीकडे न्यायचं तर वाटेत त्याला झोपवून ठेवायला मिडाझोलाम, फेंटानिल लागायचंच. एरवी ज्या गाडीत दोन-चार अँप्यूल असायच्या तिथं डझन-दोन डझन आल्या. 2021 च्या एप्रिलमध्ये तर पेटी पावडर कोटिंगहून आली की गाडीवाला दारात उभा असायचा. फोमची भोकं बदलायलाही वेळ नव्हता. काही पेट्या आम्ही नुसते कप्पे करून दिल्या आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण कप्प्यात काय कमी झालं ते दिसत नाही.

मग 2022 चं ते प्रकरण. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. त्यांच्याकडे आमच्या पेट्या, आमची रजिस्टरं, सगळं जुळत होतं. सीलचे नंबर बरोबर, भोकं बरोबर. तरीही फेंटानिलची मागणी ट्रिपांच्या मानाने जास्त यायला लागली. तिथल्या मेट्रननी बायकोला बोलावलं, जुनी ओळख. मीही गेलो, म्हटलं आपल्याच पेटीचा दोष असेल. दोघींनी तीन महिन्यांची रजिस्टरं जमिनीवर पसरली. एरवी रजिस्टर वरून खाली वाचतात, तारीख पाहत. त्यांनी आडवं वाचलं, एका नावावर बोट ठेवून.

फेंटानिलची छोटी अँप्यूल दोन मिलिलिटरची, तीत 100 मायक्रोग्रॅम. पेशंटला पुष्कळदा 50 पुरतात. उरलेलं फेकून द्यायचं असतं आणि फेकताना दुसऱ्या माणसाने पाहायचं असतं. एका ब्रदरच्या ड्यूटीला जवळजवळ प्रत्येक वेळी 50 दिलं, 50 वाया, आणि साक्षीदाराची जागा कोरी किंवा वाचता न येणारी सही. पेटीतून एकही अँप्यूल चोरीला गेली नव्हती. चोरी अँप्यूल उघडल्यानंतर होत होती, सिरिंजमध्ये उरलेल्या एक मिलिलिटरची. मुलगा कामाला चांगला होता, पेशंटशी बोलायचा छान. कोविडच्या वर्षात सलग रात्रपाळ्या केलेल्या. मेट्रननी पोलिसांआधी त्याच्या भावाला बोलावलं आणि त्याला व्यसनमुक्तीला पाठवलं. बरोबर केलं की चूक, यावर आमच्या घरात अजून वाद होतो. बायको म्हणते बरोबर. मला अर्धी भीती पेशंटची वाटते : ज्याला 50 लिहिलंय, त्याला खरंच 50 मिळालं का?

परत येताना गाडीत ती म्हणाली, "तुमच्या पेटीत भरलेल्या अँप्यूलला जागा आहे. रिकामीला कुठाय?" त्या रात्री आम्ही जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा कापून पहिला खण केला. आता प्रत्येक पेटीत फोमची दुसरी पाटी असते, तेवढ्याच भोकांची. वापरलेली अँप्यूल मान मोडलेली असली तरी तिच्या भोकात परत. भरलेल्या अधिक रिकाम्या, बेरीज नेहमी तीच आली पाहिजे. रजिस्टरला चार रकाने वाढले : किती दिलं, किती टाकलं, कोणाच्या समोर, रिकामी परत आली का. नवीन अँप्यूल फार्मसीतून घ्यायची तर रिकामी जमा करायची, गॅस सिलिंडरसारखं. हे आम्ही शोधून काढलं असं म्हणणार नाही, चांगल्या ऑपरेशन थिएटरमध्ये रिकाम्या मोजायची पद्धत जुनीच आहे. गाडीत तिला जागा नव्हती, एवढंच.

काही गोष्टी अजून जमलेल्या नाहीत. मालेगावच्या उन्हात मे महिन्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते. लोराझेपाम या गुंगीच्या इंजेक्शनला फ्रिज लागतो, तो आमची पेटी देऊ शकत नाही, म्हणून तिथल्या डॉक्टरांना आम्ही सरळ सांगतो की गाडीत मिडाझोलाम ठेवा, ते उन्हाला बरं टिकतं, पण महिन्याच्या महिन्याला बदला. दुसरं, बिलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे आमची अकरा पेट्यांची रक्कम दोन वर्षं अडकली आहे आणि तिथल्या अकाउंटच्या माणसाला माझा आवाज फोनवर ऐकूनच पाठ झालाय. तिसरं, नक्कल. आमच्यासारखीच पेटी निम्म्या किमतीत मिळते. हुबेहूब. फक्त रिकाम्यांचा खण त्यांनी 'जागा वाया जाते' म्हणून काढून टाकलाय.

आज शेडमध्ये नऊ जण आहेत. कपाटं अजून करतो, पोट त्यावरच भरतं. पेट्या वर्षाला शंभराच्या आतबाहेर. 2027 च्या सिंहस्थासाठी चौकशा सुरू झाल्यात, 2015 ला आम्ही नुसते स्ट्रेचर दिले होते. परवा एक नवी गाडी शेडवर आली आहे, पेटी बसवायला. सिस्टरचं म्हणणं पेटी पेशंटच्या डोक्याशी हवी, तिच्या हाताच्या अंतरावर. पायलटचं म्हणणं मागच्या दाराशी, म्हणजे ओव्हर घेताना आत चढावं लागत नाही. दोघंही दोन दिवस येऊन आपापल्या जागी खडूने चौकोन काढून गेलेत. ड्रिल अजून लावलेलं नाही. बायकोची ड्यूटी आज चारला सुटते, ती आल्यावर बघू.