आईची मेणबत्ती घेऊन कोर्लईला

पहाटे चारला अलिबाग सोडलं तेव्हा पावसाची रिपरिप चालू होती. १६ जुलै, कार्मेल मातेचा, म्हणजे येशूच्या आईचा सण. मावशी, मावसभाऊ आणि मी, तिघंच. कोर्लई गावच्या कार्मेल मातेच्या चर्चला पायी जायचा नवस आईचा. तिचे गुडघे धरले, म्हणून चालणं माझ्याकडे आलं. वसईहून निघताना तिने हातभर मेणबत्ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दिली होती.

नागाव, चौल करत रेवदंड्याला पोचायला नऊ वाजले. मावशी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, म्हणत पुढे, आम्ही उत्तर देत मागे.

रेवदंड्याच्या तटाच्या आत एकेकाळी अख्खं शहर होतं, पोर्तुगीजांचं चौल. पोर्तुगीजांनी इथे १५२१ मध्ये किल्ला बांधायला घेतला, घोडे आणि रेशमाच्या व्यापारावर चौल भरभराटलं. १७३९ ला आमची वसई पडली आणि पुढच्याच वर्षी हे शहरही मराठ्यांकडे आलं. आज आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. सातखणी मनोऱ्याचे वरचे खण ढासळलेत. आम्ही वसईकर चर्चला देऊळ म्हणतो. तशा एका छप्पर उडालेल्या देवळात शिरलो. पायाखाली शेवाळ. वाडीवाल्या काकांनी नारळाच्या सोडणाने ते घासलं, तर खाली थडग्याचा दगड, त्यावर पोर्तुगीज अक्षरं. "पाय जपून हां, माणसं आहेत खाली," काका म्हणाले. मावशीने चपला काढल्या आणि तिथेच उभ्या-उभ्या प्रार्थना केली.

पोर्तुगीज साहेब गेले. त्यांच्या पदरी राबणारे, याच मातीतले गरीब ख्रिस्ती मात्र राहिले, आणि कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लईच्या डोंगराखाली वसले. दगड इथे राहिला, भक्ती तिकडे गेली. मला तरी जुनं चौल कोर्लईतच भेटलं.

साळावच्या पुलावर वाऱ्याने छत्री उलटी केली. तिथून पुढचा रस्ता फार लांब वाटला. मावशीच्या टाचेला फोड आला होता, तरी ती रिक्षात बसेना.

कार्मेल मातेच्या देवळात पोचलो तेव्हा तिघंही चिंब. मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, मराठीत झाली. बाहेर पडवीत मात्र बायका 'नो लिंग' बोलत होत्या. नो लिंग म्हणजे आपली भाषा. शब्द पोर्तुगीजांचे, क्रियापद मात्र आपल्या मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. पावणेतीनशे वर्षं या गावाने ती घरातल्या घरात जपली. ती ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

मेणबत्तीची वात भिजली होती, पेटेना. शेजारच्या आजींनी ती माझ्या हातातून घेतली, पदराने वात पिळून कोरडी केली. "कोणाची रे बाळा?"

"आईची. तिला चालवत नाही."

आजींनी स्वतःच्या मेणबत्तीवर ती पेटवली आणि नातीकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मला त्यातला 'माई' एवढाच शब्द कळला. नातीने हात जोडले.