चिखलदऱ्याच्या उतारावरचे दगड

परतवाड्याहून निघालो तेव्हा डिकीत पाण्याचे सहा कॅन, काथ्याचे कुंचे, बांबूच्या कामट्या, एक स्प्रेपंप आणि भिजवलेल्या चुन्याचे दोन डबे होते. धामणगाव गढी मागे पडलं की घाट लागतो आणि हवा बदलते. कार्तिक नुकताच लागला होता. पावसाळा सरला तरी दगडात ओल असते, शेवाळ मऊ असतं. आमच्या कामाला हाच काळ बरा.

काम म्हणजे चिखलदऱ्याच्या बाजूच्या एका उतारावरच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतली इंग्रजांची थडगी साफ-दुरुस्त करणं. जागा स्थानिक चर्चची, लेखी परवानगी हातात होती. आम्ही चौघं, मुक्काम दोन दिवसांचा. समोरच्या डोंगरावर गाविलगड दिसतो. 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हनसन यांच्या फौजांनी तो किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला, त्याच्यासोबत असंख्य माणसं गेली. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि नागपूरच्या भोसल्यांना वऱ्हाडावर पाणी सोडावं लागलं. त्या पडलेल्यांपैकी बहुतेकांच्या नावाचा दगड कुठेच नाही. हे मनात घेऊनच मी इंग्रजांच्या थडग्यापाशी बसते. तरीही बसते, कारण नाव पुसलं जाणं मला कुणाच्याच बाबतीत सहन होत नाही.

आधी घाणेरी काढली. आमच्याकडे तिला रायमुनिया म्हणतात. ती कापायची, उपटायची नाही. मुळं चौथऱ्याच्या सांध्यात शिरलेली असतात, ओढली की दगड हलतो. पिंपळाचं रोपही तसंच. बुंध्याशी कापून वाळू द्यायचं.

मग पाणी. नुसतं स्वच्छ पाणी, वरून खाली नव्हे, तर खालून वर. वरून सुरुवात केली तर कोरड्या दगडावर मळकट ओघळ उतरतात आणि तिथेच मुरतात. तासभर भिजवल्यावर काथ्याचा कुंचा गोल फिरवायचा, अक्षरांच्या खाचांत बांबूची कामटी. लोखंडी तारेचा ब्रश मुळीच नाही.

पाच वर्षांपूर्वी एका संगमरवरी पाटीवर मी फरशी धुण्याचं ॲसिड ओतलं होतं. पाटी फसफसली आणि पांढरीशुभ्र झाली. मला आनंद झाला होता. संगमरवर म्हणजे चुनखडीच, आम्लात विरघळते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पुढच्या वर्षी गेले तर बोट फिरवताच दगडाचे कण पिठीसाखरेसारखे हाताला लागले. आडनावाची शेवटची तीन अक्षरं नाहीशी झाली होती. ती परत आणता येत नाहीत.

म्हणून दफनभूमी राखणाऱ्या काकांनी विचारलं, “काऊन ताई, ॲसिड नाही आनलं का? पटकन पांढरं होते ना!” तेव्हा मी सांगितलं, “होते काका, पन अक्षरंबी जाते त्याच्यासंगं.”

दगडफुलाला खरी चिकाटी लागते. काळ्या मसाल्यात घालतो त्याचेच हे भाऊबंद. त्याचे धागे दगडाच्या आत शिरलेले असतात, खरवडलं की वरचा पापुद्राही निघून येतो. जीवाणू-बुरशी मारणारं सौम्य औषध फवारून सोडून द्यायचं, पुढचं काम ऊनपाऊस करतो. चार-सहा महिन्यांत ते आपोआप गळतं. पाहुण्यांना वाटतं आम्ही काहीच केलं नाही. मला मात्र तो डागाळलेला, वाचता येणारा दगड चकचकीत पाटीपेक्षा कितीतरी भला वाटतो.

दुसऱ्या दिवशी कललेला एक स्तंभ सरळ केला. उतारावरची माती दर पावसात थोडी थोडी खाली सरकते आणि दगडाला घेऊन जाते. फळ्या टेकवल्या, पहारीने उचललं, खाली मुरूम आणि गिट्टी ठोकली, ओळंबा लावला. वरच्या अंगाला चर खणला, म्हणजे पाणी वळेल. सांधे चुना, वाळू आणि सुरखीने, म्हणजे विटांच्या भुकटीने, भरले. मागे कुणीतरी याच स्तंभाची भेग सिमेंटने बुजवली होती. सिमेंट दगडाहून कडक. ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही, क्षार आतच साचतात आणि शेवटी दगडच फुटतो. इथे तेच झालं होतं, कडेचा टवका सिमेंटसकट निघून आला.

सगळ्यात लहान दगड कोपऱ्यात होता, गुडघ्याइतका. अक्षरं झिजली होती. खडूने रंगवून वाचायचा मोह होतो, पण खडूचे कण खाचांत बसतात. आम्ही आरसा घेतला आणि ऊन तिरपं पाडलं. सावल्या उमटल्या तशी एकेक ओळ वर आली. वय एक वर्ष चार महिने. त्याच्यावर देठातून मोडलेली कळी कोरलेली. व्हिक्टोरियन काळात लहान मुलांच्या थडग्यांवर अशी कळी काढत.

काका कोरकू आदिवासी. शेजारी उकिडवे बसून बराच वेळ पाहत होते. “आमच्यात मेलेल्याच्या नावानं मुंडा कोरते सागाचा. सूर्य-चंद्र काढते त्याच्यावर,” म्हणाले. “हे काय काढलं?”

“कळी. मोडलेली.”

त्यांनी ओल्या दगडावर, देठ मोडला होता तिथे, अंगठा ठेवला. “लेकरूच व्हतं म्हना,” म्हणाले, आणि रिकामा कॅन उचलून पाणी आणायला खाली उतरले.