शंभरी ओलांडलेलं वजन आणि रात्रीचं घोरणं

आपल्याकडे धिप्पाड माणूस दिसला की ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून विषय संपतो. उंची 160 सेंटिमीटर आणि वजन 102 किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, ते सांगणारा आकडा) जवळपास 40. हा तीव्र लठ्ठपणा. मधुमेह किंवा बीपी जोडीला असेल तर 35 लाच सावध व्हावं.

अडचण वजन करण्यापासून सुरू होते. घरातले स्प्रिंगचे काटे बहुधा 120-130 किलोंपर्यंतच. मोंढ्यात एखाद्या आडतीवर इलेक्ट्रॉनिक काटा असतोच. सकाळी गर्दी नसताना तिथं वजन करावं. यात लाजण्यासारखं काही नाही. बीपी मोजतानाही दंडाचा घेर 34 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर मोठा पट्टा मागा. लहान पट्टा बीपी वाढवून दाखवतो आणि गोळी उगाच वाढते.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती झोप. जोरात घोरणं म्हणजे गाढ झोप, हा समज जिवावर बेततो. मानेतली आणि जिभेच्या मुळाशी साठलेली चरबी झोपेत घशाची वाट बंद करते. श्वास दहा-दहा सेकंद, कधी त्याहून जास्त थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो. रात्रभर हेच. मग सकाळी डोकं जड, दिवसा डुलक्या, रात्री लघवीला दोन-तीनदा उठणं आणि तीन गोळ्या घेऊनही बीपी हटत नाही. ट्रक किंवा ट्रॅव्हल्स चालवणाऱ्याला तर एक डुलकी पुरते. उन्हाळ्यात गच्चीवर शेजारी झोपणाऱ्यांनी कान द्यावा: घोरणं, मध्येच शांतता, मग हिसका देऊन श्वास. मोबाइलवर रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवा आणि झोपेची तपासणी करून घ्या. सीपॅप मशीनचा मास्क हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवतो. दारू आणि झोपेच्या गोळ्या इथं घातकच. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना हे आधी सांगा.

खाण्यात भाकरीला दोष देऊ नका, तेल मोजा. 15 किलोचा डबा पाच माणसांत महिन्यात संपत असेल तर माणशी रोज 100 ग्रॅम, म्हणजे 900 कॅलरी नुसत्या तेलाच्या. 25-30 ग्रॅम पुरे.

110 किलोंच्या माणसानं सहा महिन्यांत 6 ते 11 किलो उतरवले तरी साखर, बीपी, गुडघे यांना फरक पडतो. मात्र मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर जेवण एकदम तोडू नका, एकादशीलासुद्धा नाही. डोस तोच आणि ताट निम्मं झालं की साखर 70 च्या खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या.