आमची वाटचाल : परळच्या एका फोटो स्टुडिओची

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर लोक पिशव्या भरभरून भिजलेले अल्बम आमच्या स्टुडिओत आणू लागले. पासपोर्ट फोटो आणि लग्नांच्या ऑर्डरींवर चालणारा आमचा धंदा जुन्या छायाचित्रांच्या स्कॅनिंगकडे वळला तो तेव्हापासून. पुढची काही वर्षे बरी गेली.

मग समोरच्याच गल्लीत एक दुकान उघडले. दर आमच्या निम्म्याहून कमी, आणि काम तासाभरात. ज्या गणेशोत्सव मंडळाचे फोटो आम्ही हातमोजे घालून एकेक करून काचेवर ठेवत होतो, त्या मंडळाने स्मरणिकेचे काम आम्हाला साधे न कळवता तिकडे दिले. तेथे फोटो कागद ओढणाऱ्या यंत्रातून गेले, कडा कापल्या गेल्या, मागचे स्टुडिओचे शिक्के आणि हस्ताक्षरे कोणी पाहिलीच नाहीत, आणि चेहरे इतके गुळगुळीत केले गेले की रात्रपाळी करून आलेला गिरणी कामगार पार्लरमधून बाहेर पडल्यासारखा दिसू लागला. छापून आल्यावर त्याचेच कौतुक झाले, हे विशेष. त्या वर्षी दुकानाचे भाडे थकले आणि फ्लॅटबेड, म्हणजे फोटो काचेवर सपाट ठेवायचा, स्कॅनर विकण्याची बोलणीही झाली.

ती मोडली गिरणीच्या साचेखात्यातून, म्हणजे मागांच्या विभागातून, निवृत्त झालेल्या एका काकांमुळे. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपातले मोर्चे, चाळीचा गणपती, गिरणीचे फाटक, असे फोटो ते ट्रंकेतून थोडे थोडे आणत. पुष्कळसे आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेले, त्यामुळे निगेटिव्ह चौरस. काउंटरवर भिंग धरून ‘मागची रांग, डावीकडून’ असे म्हणत ते नावे सांगत आणि आम्ही ती फाइलला जोडत असू. स्कॅनर जाणार हे कळताच, ‘‘मग माझी ट्रंक कुणाकडे नेऊ?’’ असे विचारून त्यांनी उरलेल्या सगळ्या फोटोंचे पैसे आगाऊ मोजले.

कोणी विचारलेले नसले तरी सांगतो : फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नये, काचेसकट स्कॅन करून घ्यावा. पोस्टकार्ड आकाराला निदान 600 डीपीआय (दर इंचाला 600 ठिपके) आणि तपशील न गाळणारी टिफ फाइल हवी, मागची बाजूही स्कॅन व्हावी, लॅमिनेशन मात्र कदापि करू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, त्याला जतन म्हणत नाहीत.

गेल्या वर्षी मंडळाचे कार्यकर्ते पुन्हा आमच्याकडे आले, कारण स्मरणिकेतल्या माणसांची नावे कोणालाच सांगता येत नव्हती. त्यांतली बरीच नावे काकांच्या फाइलींत आहेत. आमचा दर त्यांना सांगितला आहे आणि तो कमी होणार नाही.