मॅनिक स्ट्रीट प्रीचर्सचा संग्रह लावताना: कामाची नोंदवही

आत्ताची स्थिती अशी: १९९२ पासून २०२५ पर्यंतचे पंधराही स्टुडिओ अल्बम फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात) उतरवून झाले आहेत. टॅगिंग (फाइलमध्येच गाण्याची माहिती भरणं) २००१ पर्यंत पक्कं झालंय. बी-साइड (सिंगलच्या मुख्य गाण्याच्या जोडीला येणारी गाणी) अर्ध्यावर आहेत. साउथ वेल्समधल्या ब्लॅकवूड या कोळसाखाणींच्या भागातल्या गावातून १९८६ साली निघालेला हा बँड नुसत्या प्रकाशनवर्षांच्या क्रमाने लावला तर चुकीचा लागतो, ही गोष्ट काम करताना सर्वांत आधी ध्यानात येते. शब्द लिहिले गेले एका वर्षी आणि रेकॉर्ड झाले कधी दोन वर्षांनी, तर कधी चौदा. म्हणून प्रत्येक ट्रॅकला ‘गीतकार’ हा टॅग सक्तीचा ठेवला आहे. प्लेअरमध्ये कलाकार आणि वर्ष यांच्या जोडीला तिसरा रकाना म्हणून तोच दाखवायचा.

सुरुवातीला नावाचा घोटाळा निस्तरावा लागतो. ‘द होली बायबल’पासून काही मुखपृष्ठांवर बँडच्या नावातला इंग्रजी ‘आर’ उलटा छापलेला आहे. बरेच जण हौसेने टॅगमध्येही तो उलटा टाकतात, म्हणजे खरं तर रशियन लिपीतलं एक अक्षर. मग सर्चमध्ये अर्धे अल्बम सापडत नाहीत आणि लायब्ररीत एकाच बँडचे दोन बँड होतात. टॅगमध्ये साधा ‘आर’च लिहा. उलटा ‘आर’ चित्रात आहे तेवढा पुरे.

१९८८ ते १९९२

‘सुइसाइड अ‍ॅली’ हे पहिलं सिंगल स्वखर्चाने काढलेलं, ३०० प्रती. पुढे बँडचा गिटारवादक आणि गीतकार झालेला रिची एडवर्ड्स तेव्हा बँडमध्ये नव्हता, पण मुखपृष्ठाचा फोटो त्यानेच काढला होता. वादकांच्या यादीत त्याचं नाव इथे टाकू नका, छायाचित्रकार म्हणून टाका. पुढेही तोच नियम. स्टेजवर गळ्यात गिटार असली तरी रेकॉर्डवरची गिटार जवळजवळ सगळी गायक-गिटारवादक जेम्स डीन ब्रॅडफिल्डची आहे. रिचीचं काम शब्दांचं, बेसवादक निकी वायरच्या जोडीने. संगीत ब्रॅडफिल्ड आणि त्याचा चुलतभाऊ, ड्रमर शॉन मूर यांचं. ही विभागणी एकदा डोक्यात बसली की टॅग भराभर भरले जातात.

१९९१ मध्ये हेवनली या छोट्या लेबलवर ‘मोटाउन जंक’ आणि ‘यू लव्ह अस’ आली. ‘यू लव्ह अस’ दोन आहेत आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. हेवनलीचं पहिलं रूप पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्कीच्या तंतुवाद्यांच्या किंकाळीने उघडतं. १९९२ चं कोलंबियाचं रूप पुन्हा नव्याने रेकॉर्ड केलेलं आहे आणि त्याचा शेवटही बदललेला आहे. ऑटो-टॅगर (आपोआप टॅग भरणारं सॉफ्टवेअर) नाव बघून दोन्ही एकात ढकलतो. ओळखायला पहिले दहा सेकंद ऐका, बाकी काही लागत नाही. टॅगमध्ये कंसात लेबलचं नाव लिहा.

‘जनरेशन टेररिस्ट्स’ (फेब्रुवारी १९९२) मूळ १८ गाण्यांचा, अमेरिकेत कापून १४ गाण्यांचा निघाला. जुनी सीडी विकत घेताना मागची यादी मोजूनच घ्या. ड्रम्स बहुतांशी प्रोग्राम केलेले आहेत. ते एकसुरी, यांत्रिक वाटले तर रिप (सीडीवरून उतरवलेली फाइल) बिघडला असं समजू नका.

१९९४: ‘द होली बायबल’

या अल्बमवर सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो सार्थकी लागला. कंपनीने बार्बाडोसमध्ये रेकॉर्डिंग सुचवलेलं असताना बँडने कार्डिफमधला लहानसा, स्वस्तातला साउंड स्पेस स्टुडिओ निवडला. अल्बमचा कोरडा, अंगावर येणारा आवाज त्या निवडीला साजेसा आहे. बहुतेक शब्द रिचीचे.

अनेक गाण्यांच्या तोंडाशी सिनेमा-माहितीपटांतले बोललेले तुकडे आहेत, काही अगदी हळू आवाजात. रिपर किंवा एडिटरमध्ये ‘सुरुवातीची शांतता काढून टाका’ हा पर्याय चालू राहिला तर या तुकड्याचं पहिलं अक्षर उडतं. तो बंदच ठेवा. आवाज समान करायला रीप्लेगेन वापरत असाल तर ‘ट्रॅक’ नको, ‘अल्बम’ निवडा. ‘धिस इज यस्टर्डे’ हे मधलं मऊ गाणं आजूबाजूच्या मारामारीत मुद्दाम खाली बसवलेलं आहे. ट्रॅक-मोड त्याला उचलून शेजाऱ्यांच्या बरोबरीला आणतो आणि श्वास घ्यायची ती एकुलती जागाच बुजते.

दोन मिक्स (वाद्यं आणि आवाज यांची वेगवेगळी जुळवणी) आहेत. अमेरिकेसाठी टॉम लॉर्ड-अल्जने वेगळा मिक्स केला होता, पण १९९५ मध्ये रिची बेपत्ता झाल्यावर तो तिथे निघालाच नाही. २००४ च्या दशकपूर्ती आवृत्तीत दुसऱ्या सीडीवर तो मिळतो. ड्रम आणि गिटार तिथे जास्त भरीव आहेत, हेडफोनवर सुखद लागतात. तरीही मुख्य फोल्डरमध्ये ब्रिटिश मिक्सच ठेवावा असं ठाम मत आहे. या शब्दांना भरीवपणा मानवत नाही.

१९९६

१ फेब्रुवारी १९९५ रोजी रिची लंडनच्या हॉटेलातून निघून गेला. पुढे त्याची गाडी सेव्हर्न पुलाजवळ सापडली. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कायद्याने त्याला मृत मानलं गेलं. उरलेल्या तिघांनी ‘एव्हरीथिंग मस्ट गो’ मे १९९६ मध्ये काढला, निर्माता माइक हेजेस. गीतकार-टॅग पहिल्यांदा खरा उपयोगी पडतो तो इथे. बारापैकी पाच गाण्यांत रिचीचे शब्द आहेत: ‘केव्हिन कार्टर’, ‘रिमूव्हेबल्स’ आणि ‘स्मॉल ब्लॅक फ्लॉवर्स’ एकट्याची, ‘एल्व्हिस इम्पर्सनेटर’ आणि ‘द गर्ल हू वॉन्टेड टु बी गॉड’ वायरसोबतची. टॅगनुसार लावून ऐकलं की तंतुवाद्यांनी भरलेल्या त्या मोठ्या आवाजाखाली १९९४ चं लिखाण स्पष्ट ऐकू येतं. ‘स्मॉल ब्लॅक फ्लॉवर्स’मध्ये अकूस्टिक गिटारशेजारी हार्प आहे. एमपीथ्री १२८ वर (म्हणजे कमी दर्जात) उतरवलं तर त्या हार्पच्या तारांची टोकं चिरकतात. निदान या गाण्यासाठी तरी फ्लॅकच हवं.

१९९८ ते २००१

‘धिस इज माय ट्रुथ टेल मी युअर्स’ हा त्यांचा ब्रिटनमधला पहिला क्रमांक एकचा अल्बम. नाव वेल्सचा मजूर पक्षाचा नेता अन्युरिन बेवन याच्या बोलण्यातलं. शब्द सगळे वायरचे, म्हणून टॅग एका झटक्यात होतो.

‘द मासेस अगेन्स्ट द क्लासेस’ (जानेवारी २०००) हे सिंगल प्रकाशनाच्याच दिवशी कॅटलॉगमधून काढलं गेलं आणि तरी क्रमांक एकवर गेलं. ते कुठल्याच स्टुडिओ अल्बमवर नव्हतं, म्हणून नुसते अल्बम जमवणाऱ्यांकडे इथे भोक पडतं. ‘फॉरेव्हर डिलेड’ (२००२) या संकलनातून ते घेता येतं, पण त्यातून बाकीची गाणी घेऊ नका. जास्त गाणी एका सीडीत बसावीत म्हणून ‘मोटरसायकल एम्प्टीनेस’, ‘द एव्हरलास्टिंग’ यांच्यासकट अनेक गाणी छाटलेली आहेत आणि पुस्तिकेत तसं लिहिलेलं नाही. ट्रॅकची लांबी मूळ अल्बमशी ताडून पाहा.

‘नो युअर एनिमी’ मार्च २००१ चा. त्याआधी फेब्रुवारीत क्युबात, हवानाच्या कार्ल मार्क्स थिएटरमध्ये बँड वाजवून आला, तिथला नेता फिडेल कॅस्ट्रो हजर होता. २०२२ मध्ये हाच अल्बम नव्या मिक्समध्ये ‘डोअर टु द रिव्हर’ आणि ‘सॉलिडॅरिटी’ असा दोन भागांत फोडून निघाला. पिकार्डसारखं टॅग भरणारं साधन दोन्हींतली गाणी एकमेकांत मिसळतं. म्हणून आधी वेगवेगळे फोल्डर करा, प्रत्येकाची आवृत्ती हाताने निवडा, मगच सेव्ह दाबा. ‘ओशन स्प्रे’चा गीतकार ब्रॅडफिल्ड आहे, वायर नाही. ते त्याने आईच्या आजारपणावर लिहिलं. त्यातला ट्रम्पेट शॉन मूरचा.

लपलेली गाणी

तीन सीड्यांवर शेवटच्या गाण्यानंतर शांतता आणि मग एक न छापलेलं गाणं आहे: ‘नो युअर एनिमी’, ‘सेंड अवे द टायगर्स’ (२००७) आणि ‘जर्नल फॉर प्लेग लव्हर्स’ (२००९). पद्धत अशी: मूळ फाइल अखंड बाजूला ठेवा. प्रत ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, शांततेची मर्यादा −६० डेसिबल आणि किमान ५ सेकंद ठेवून खुणा पाडा. −४० ठेवलीत तर विझत जाणारा शेवटचा सूरही शांततेत धरला जातो आणि गाणं तुटतं. खूण पडली तरी कात्री लावण्याआधी कानाने तपासा. एलपीवरून उतरवत असाल तर खरखरीमुळे −६० वर काहीच सापडत नाही, तिथे खुणा हातानेच पाडाव्या लागतात.

मधले आणि अलीकडचे

‘लाइफब्लड’, ‘पोस्टकार्ड्स’, ‘रिवाइंड द फिल्म’, ‘फ्युचरॉलॉजी’ यांत तांत्रिक अडचण काही नाही. ‘द अल्ट्रा व्हिव्हिड लमेंट’ (२०२१) दुसऱ्यांदा क्रमांक एकवर गेला आणि ‘क्रिटिकल थिंकिंग’ २०२५ चा. यांचे टॅग पुढच्या खेपेला.

सध्या टेबलावर: २००९

‘जर्नल फॉर प्लेग लव्हर्स’ मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत, स्टीव्ह अल्बिनी आणि डेव्ह एरिंगा या निर्मात्यांसोबत झाला. बेपत्ता होण्याच्या काही आठवडे आधी रिचीने बँडकडे दिलेल्या फोल्डरमधले शब्द यात आहेत. म्हणून ‘वर्ष’ २००९ ठेवून ‘लेखनकाळ’ असा जादा रकाना केला आणि त्यात १९९५ च्या आधीचा काळ टाकला. त्या रकान्याने लावलं की हा अल्बम ‘द होली बायबल’ला खेटून उभा राहतो.

अडलंय ते ‘विल्यम्स लास्ट वर्ड्स’पाशी. रिचीचं ते लांबलचक गद्य होतं. वायरने त्यातून ओळी निवडल्या आणि ब्रॅडफिल्डऐवजी तो स्वतःच ते गायला, कच्च्या, बोलल्यासारख्या आवाजात. ‘गीतकार’मध्ये एडवर्ड्स, ‘गायक’मध्ये वायर, आणि ओळी निवडणाऱ्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये रकानाच नाही. तूर्त ‘टिप्पणी’त ‘संपादन: निकी वायर’ असं लिहून ठेवलं आहे.